तिसऱ्या मजल्यावरचा हात

रविवार, सोलापूर

आज पार्किंगमध्ये आमच्या सोसायटीची सभा झाली. बंद पडलेली लिफ्ट दुरुस्त करायची का? खालच्या मजल्यांचं बहुमत, म्हणाले नको. गुडघे गेलेल्या अंजम्माकाकू खाली येऊच शकल्या नाहीत. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हात वर करून ओरडत होत्या, "माझा बी हात मोजा की!"

सेक्रेटरी म्हणाले, "हजर असलेल्यांचेच मोजतो. नियम आहे."

नियम खोटा नाही. मग तो हात डोळ्यांपुढून का हलत नाही? पूर्वी सगळं एकट्या बिल्डरच्या मर्जीनं चालायचं, ते बरं होतं? छे! तेव्हा तर कुणी विचारतही नव्हतं.

पुढची सभा तिसऱ्या मजल्यावर घ्या, असं सुचवणार आहे.

पण सभेची जागासुद्धा हात वर करूनच ठरते.