घरातली माणसं चार

मुरुम,
१९ ऑगस्ट

प्रिय निखत आपा,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. अम्मीचे गुडघे कुरकुरतात, पण अम्मीपेक्षा कमीच. फोन सोडून पत्र का, तर फोनवर अब्बांचा विषय निघाला की तुला ताबडतोब ड्यूटी आठवते. पत्र काही मधेच कट करता येत नाही. आणि चार वर्षांत तू हैदराबादहून एकदाही घरी आली नाहीस, तेव्हा एवढं वाचायची शिक्षा तुला झालीच पाहिजे. मराठीत लिहितोय, कारण आपण दोघं झेडपीच्या शाळेतले. घरात दखनी बोलत असलो तरी कागदावर हात मराठीतच चालतो.

मोठी बातमी म्हणजे अब्बांच्या दुकानात आता मापांची वही नाही. ती सगळी मी कॉम्प्युटरवर चढवली. वही तुला आठवतच असेल. एका घराला एक पान, पानावर त्या घरातली माणसं, माणसाखाली त्याचे कपडे, आणि कपड्यापुढं छाती, कंबर, बाही, उंची. मी पुण्याच्या कंपनीचं काम इथं बसून करतो, तिथं या मांडणीला नेस्टेड मॅप म्हणतात. मॅप म्हणजे नकाशा नव्हे, नावाची चिठ्ठी लावलेले डबे समज. नाव सांगितलं की डबा हाती येतो. घराच्या डब्यात माणसांचे डबे, माणसाच्या डब्यात कपड्यांचे, आणि कपड्याच्या डब्यात मापं. अब्बांनी हे तीस वर्षांपूर्वी कुणालाही न विचारता केलं होतं. मला त्यासाठी बीसीए करावं लागलं.

वहीत पहिलं पान आपल्या घराचं. ते उतरवून घ्यायला घेतलं तर खालचं अर्धं पान नव्हतंच. फाडलेलं नव्हतं, कात्रीनं सरळ कापलेलं होतं. तुझ्या निकाहचा शरारा अब्बांनी स्वतः शिवला होता, पंधरा दिवस उरले असताना तू नाही म्हणालीस आणि लॅबच्या कोर्सला निघून गेलीस. अब्बांनी तो शरारा टाका टाका उसवला आणि या घरात तुझं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. हे सगळं तुला माहीत आहे. पानाचं मात्र मलाही तेव्हाच कळलं. जेवढं होतं तेवढं चढवलं. आपल्या घरात माणसं तीन.

खरं सांगू का, तेव्हा मलाही तुझा राग होता. लोहाऱ्यापर्यंत मोटरसायकलवर फिरून पाहुण्यांना ‘निकाह होणार नाही’ सांगायचं काम माझ्याच गळ्यात आलं होतं. प्रत्येक घरी चहा घ्यावा लागला, आणि प्रत्येक घरी तोच एक प्रश्न. त्या दिवशी अकरा चहा झाले. आता राग नाही. तुझी आठवण येते, आणि अम्मीला तर रोज येते. असो.

जूनमध्ये गणवेशांची गर्दी उसळली तेव्हा माझ्या प्रोग्रामची खरी परीक्षा झाली. अब्बा आधी त्याला हात लावायला तयार नव्हते. मग चष्मा नाकावर ओढून एका बोटानं टाइप करायला लागले. यादीतून घर निवडायचं, माणसाचं नाव टाकायचं, कपडा निवडायचा आणि ‘शोधा’ दाबायचं. आठ दिवसांत ते माझ्यापेक्षा भराभर करायला लागले. फक्त एक अट घातली, की जो आधी आला तो यादीत वर दिसला पाहिजे. वहीत तसंच होतं ना. मी तसा क्रम पाळणारा मॅप वापरला. ही अट लक्षात ठेव, पुढं कामाला येणार आहे.

जुलैत एका दुपारी वीरप्पा काका शर्ट टाकायला आले. आपल्या समोरचे आडतवाले, तेच. अब्बांनी त्यांचं घर उघडलं तर स्क्रीनवर ‘माणसं : अकरा’. घरात तर सातच. काकांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, “लालमहंमदभाई, ही चौघं आमच्याकडं कधी जेवायला आली? आता रेशन तरी वाढवून घेतो की!” सगळं दुकान हसलं. माझी मात्र लाज गेली. तिथंच स्टुलावर बसून कोड उघडलं, तर चूक माझीच निघाली. नवं माप लिहिताना ‘डबा नसेल तर नवा कर आणि दे’ अशी एक ओळ असते. मी आळशीपणानं तीच ओळ शोधण्यासाठीही वापरली होती. त्यामुळं एखादं नाव चुकीच्या घरात नुसतं शोधलं तरी तिथं त्या नावाचा रिकामा डबा तयार व्हायचा आणि मोजणीत यायचा. काकांचा नातू त्याच्या आजोळी राहतो, त्याची मापं तिकडच्या पानावर आहेत, पण अब्बांनी त्याला वीरप्पांच्या घरात शोधलं असणार. मी काकांना हेच समजावून सांगितलं, की काका, ही माणसं आलेली नाहीत, त्यांना कुणीतरी शोधलंय एवढंच. मी हे बोलत असताना अब्बांचं मशीन थांबलं. तेव्हा मला वाटलं, दोरा तुटला असेल.

दुसऱ्या दिवशी ओळ दुरुस्त केली आणि रिकामे डबे काढायला बसलो. एकशे बारा निघाले. यादीच्या तळापासून एकेक घर बघत वर पहिल्या घराशी आलो. आपलंच घर. ‘माणसं : चार’.

चौथा डबा तुझ्या नावाचा होता, आपा. आत चार डबे, चारही रिकामे. अब्बांच्या अटीमुळं शोधल्याच्या क्रमानं लागलेले. आधी फ्रॉक. मग शाळेचा गणवेश. मग सलवार-कमीज. वहीतून कापून टाकलेली मापं ते कॉम्प्युटरमध्ये शोधत होते. मी ती कुठूनतरी आणून चढवली असतील, असं त्यांना वाटलं असावं. शरारा त्यात नव्हता. तो त्यांनी शोधलाच नाही. आणि शेवटचा डबा होता पांढऱ्या कोटाचा. फार्मसीच्या पोरांचे कोट आपल्याकडंच शिवायला येतात, म्हणून तो कपडा यादीत आहे. पण तुझा कोट अब्बांनी कधी शिवलेलाच नाही. त्याचं माप कुठल्याच वहीत नव्हतं. तरी त्यांनी शोधून बघितलं. अम्मीच्या मोबाइलवरचा तुझा लॅबमधला फोटो त्यांनी पाहिलाय, हे मला त्यावरून कळलं. मी स्टुलावर बसून रडलो, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठलो.

बाकीचे एकशे अकरा डबे काढून टाकले. त्या एकाला हात लावला नाही. चार दिवसांनी अब्बांनी आपलं घर उघडलं. त्यांना स्वतःसाठी पायजमा बेतायचा होता. ‘माणसं : चार’ त्यांनी वाचलं, मी बघत होतो. चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, “समद्या चुका काढल्या म्हनलास ना?” मी व्हय म्हणालो. मग घाबरत घाबरत विचारलं, की एक रिकामा डबा राहिलाय, काढू का? दुकानात ते नेहमी मराठीच बोलतात. त्या वेळी घरच्या बोलीत बोलले, “रहने दे.” एवढंच. आणि पायजमा बेतायला लागले.

आता हे सगळं तुला का लिहिलं, ते सांगतो. गेल्या मंगळवारी अब्बा उमरग्याला जाऊन पांढरं टेरीकॉट घेऊन आले. पाण्यातून काढलं, आपल्याच दोरीवर वाळवलं. नंतर आटू नये म्हणून ते असं फक्त घरच्यांच्या कापडाचं करतात, तुला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाचं कापड गिऱ्हाईकच आणतं. कुणाचं म्हणून मी विचारलं तर म्हणाले, “हाय एकाचं.” अम्मी मला सारखी म्हणते, निखतची मापं फोनवर मागवून घे. मी मागणार नाही. तू पाठवलीस तरी मी ती चढवणार नाही. दुसऱ्यानं घेतलेल्या मापावर अब्बा कापड कापत नाहीत, आजवर कापलेलं नाही. ते कापड घडी करून मशीनशेजारी ठेवलंय, वर खडू. तीन दिवस मी बघतोय. येणारा प्रत्येकजण कापड कुणाचं म्हणून विचारतो, आणि अब्बा टेप गळ्यात टाकून बसलेले असतात.

तुझाच, आणि चौथा डबा न पुसणारा भाऊ,
साजिद