लाल दोऱ्याचा कप

आये, आज मी जिंकले. सकाळी साडेसातपासून अकरापर्यंत एकेचाळीस कप कॉफी दिली आणि एकही कप चुकला नाही. एकेचाळीस हा आकडा माझा नाही, तुझ्या नातवाचा आहे. तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मोजत होता. मी मोजत नव्हते. मी फक्त दोरे बघत होते.

तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली, म्हणजे तुला हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं. कोपरखैरण्याच्या गावठाणातलं आपलं घर आता नाही. तू जिथे मासळी वाळत घालायचीस त्या अंगणावर तीन मजले उभे आहेत. रस्त्याकडचा गाळा माझ्या वाट्याला आला आणि बँकेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे कॉफी द्यायला लागले. फक्त कॉफी. कुणी चहा मागितला तर समोरची टपरी दाखवते. भिंतीवर लाकडी फळी ठोकून घेतली आहे, तिला हुक आहेत आणि रोज येणाऱ्या प्रत्येकाचा पांढरा कप त्याच्या हुकाला टांगलेला असतो. प्रत्येक कपाच्या कानाला दोरा. लाल म्हणजे साखर नाही. काळा म्हणजे दूध नाही. निळा म्हणजे कडक. पिवळा म्हणजे दूध सायीसकट. काहींना दोन दोरे लागतात, एका गृहस्थांना तीन आहेत. ही अक्कल कुठून आली हे तुला सांगायची गरज नाही.

वाशीला सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्ये तू स्वयंपाकाला होतीस. त्या पाचजणी आणि पाच कप, सगळे एका जातीचे, एका मापाचे. तुला अक्षरओळख नव्हती, कपावर नाव लिहिण्यात अर्थ नव्हता. मग शिवणाच्या खोलीत उरलेले भरतकामाचे दोरे तू आणलेस आणि आपल्या घरी बाबा जाळं विणताना जी गाठ मारायचे तीच गाठ मारून एकेका कपाला बांधलेस. मोठ्या सिस्टरांना मधुमेह, त्यांना लाल. मी त्यांच्याच शाळेत, आणि शाळा सुटल्यावर मागच्या दाराशी पाटावर बसलेली आहे, दप्तर मांडीवर, आणि तू पितळी फिल्टरचं झाकण उचलतेस. तो वास सगळ्या स्वयंपाकघरभर होतो. सिस्टर त्याला डिकॉक्शन म्हणायच्या, तू काढा म्हणायचीस. 'कोनाला कशी लागतं त्या मना बरोबर म्हायीत हाय,' तू सांगायचीस आणि बोटं दाखवून मोजायचीस. एकीला कडक, एकीला कोमट, सगळ्यात धाकटीला तीन चमचे साखर. 'तिला घरची आठवन येतं म्हनून गोड लागतं,' असं तुझं निदान. घरी मात्र आपण गुळाचा चहा प्यायचो. कॉफी ही आपल्याकडे तुझ्या लुगड्याच्या वासापुरतीच यायची.

नंतर सगळ्यांच्या घरी कॉफी आली आणि प्रत्येक घरी वेगळी झाली. लग्न होऊन गेले तर सासरी जायफळ किसून, वेलदोडा घालून, निम्म्याहून जास्त दूध. ती पाहुण्यांना, नाहीतर उपासाला. एरवी कुणी कॉफी मागितली तर सासूबाई कपाळाला हात लावून ताप बघायच्या. मग बाटलीतली पावडर आली. साखरेबरोबर चमच्यानं फेटून फेटून फेस काढायची, मनगट दुखेपर्यंत. तुझा नातू दहावीला होता त्या वर्षी मी त्याला रोज पहाटे तशी फेटून द्यायची, वरून चिमूटभर जायफळ. तू तेव्हा आमच्याकडे राहायला आली होतीस. एक घोट घेऊन म्हणालीस, 'फेस बरा हाय. कॉफी कुठं हाय?'

आता तर विचारू नकोस. मधुमेह नसताना लोक बिनसाखरेची पितात आणि त्याचा अभिमान बाळगतात. एकाला ओटचं दूध लागतं. ते मी पहिल्यांदा विकत आणलं तेव्हा गाळ्यात एकटीच हसले, कारण तुझा आवाज स्पष्ट ऐकू आला, 'ओट म्हंजे कंचा जनावर गो?' कुणी बर्फ घालून पितं, कुणी गूळ घालून. माणूस कॉफी बदलतो ती बहुतेक वेळा जिभेसाठी नाही, हे मला इथे उभं राहून कळलं. डॉक्टर बदलतो, नोकरी बदलते, माणूस सोडून जातं, आणि सकाळी तो येऊन म्हणतो, 'काकू, माझा दोरा बदला.' मग मी जुनी गाठ सोडते आणि नवी मारते.

तर नातवाची गोष्ट. गेल्या वर्षभरात माझं दूध दोनदा उतू गेलं. एकदा गाळ्याला कुलूप न लावता घरी आले. एकदा सूनबाईला भाचीच्या नावानं हाक मारली. तो खारघरहून दर शनिवारी येतो आणि आल्या आल्या गॅस बघतो. मला डॉक्टरांकडे नेलं. वयाच्या मानानं ठीक आहे म्हणाले, पण त्याचं समाधान नाही. मागच्या शनिवारी त्यानं पिशवीतून टॅबलेट काढला.

'आई, यात सगळ्यांची ऑर्डर भरून ठेवू. तू फक्त नाव दाबायचं.'

'मला नको.'

'चाळीस लोकांचं तुझ्या लक्षात राहणार नाही गं. कुणाला डायबिटीस, कुणाला दूध चालत नाही. उद्या एखाद्याला चुकीचं गेलं तर?'

चुकीचा कप गेला तर काय होतं हे मला त्याच्याहून जास्त माहीत आहे. तो आवाज खाली करून म्हणाला, 'नाहीतर बंदच करू या. तुला टेन्शन, मला टेन्शन.'

त्याच्या बोलण्यात राग असता तर मी भांडले असते. त्यात भीती होती. तो माझ्या विसरण्याला घाबरला आहे, आणि खरं सांगायचं तर मीही. हा गाळा गेला तर उरलेला दिवस मी काय आठवत बसू? मीच म्हणाले, 'पुढच्या शनिवारी सकाळभर बस इथे. एक जरी कप चुकला तर मी स्वतः शटर ओढते. नाही चुकला तर तो टॅबलेट परत न्यायचा.'

आठवडाभर मला नीट झोप लागली नाही. आज सकाळी फिल्टरमध्ये पावडर दोनदा मोजून भरली. पण पहिलं गिऱ्हाईक आलं आणि हात आपोआप हुकाकडे गेला. मार्केटातले एक कांद्याचे व्यापारी आहेत, साताऱ्याकडचे, सकाळचा सौदा उरकून येतात. आज खुशीत होते.

'मावशी, आज घाला की येक चमचा साखर. कांदा चढलाय.'

'तुमचा दोरा लाल आहे.'

'आवो, येक दिस कुनाला कळतंय?'

'मला कळतं. घरी फोन लावू का?'

'नगं नगं! तशीच द्या. कडू तर कडू.'

बाकावरचे सगळे हसले. नातू हसला नाही, तो लिहून घेत होता. मग कॉलेजातली ती मुलगी, जिचा कप निळा-पिवळा आहे आणि जी वर तीन चमचे साखर घेते.

'काकू, माझा दोरा चेंज. आजपासून नो शुगर, नो मिल्क.'

'कधी ठरवलंस?'

'काल रात्री.'

'मग आठवडाभर थांब. एका रात्रीच्या निश्चयाला मी दोरा बदलत नाही.'

'काकू, यार!' म्हणाली आणि आपली गोड कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. दहाच्या सुमारास पलीकडच्या ऑफिसातले चौदाजण एकदम आले, सगळे एकाच वेळी बोलणारे. चेहरे बघितले असते तर मी गडबडले असते. मी चेहऱ्यांकडे बघितलंच नाही. त्यांच्या ओळीतले चौदाही कप उतरवले, रांगेत मांडले, दोऱ्यांप्रमाणे भरले. ज्यानं त्यानं आपला कप उचलला, पहिला घोट घेतला, आणि एकानंही मागे वळून पाहिलं नाही. आये, त्या न वळलेल्या चौदा माना मला बँकेतल्या सगळ्या बढत्यांपेक्षा मोठ्या वाटल्या.

अकरा वाजता गाळा रिकामा झाला. तो स्टुलावरून उठला आणि म्हणाला, 'आता माझी.' ही त्यानं घेतलेली शेवटची परीक्षा होती, कारण त्याच्या कपाला काळा आणि लाल असे दोन दोरे आहेत. खारघरला राहायला गेल्यापासून तो दूधसाखरेला शिवत नाही. मी ते दोरे त्याच्यासमोर सोडले. दूध तापवलं, साखर घातली, वरून जायफळ किसलं आणि कप पुढे केला.

'चुकलीस, आई,' तो म्हणाला. जवळजवळ कुजबुजला.

'चुकले नाही. सहा महिने तू दर शनिवारी काळी कॉफी मागतोस आणि अर्धी टाकतोस. कप मी धुते, मला माहीत आहे.'

त्यानं कप उचलला. उभ्यानंच सगळी प्यायला. मग तळाशी उरलेला फेस बोटानं पुसून चाटला, दहावीत चाटायचा तसा. टॅबलेट पिशवीत घालताना म्हणाला, 'माझ्या कपाला कुठला दोरा बांधशील?' आणि मी पिवळा काढला.

इथपर्यंत मी नुसती खुशीत होते. पण त्याच्या कपाला गाठ मारून कप नळाखाली धरला तेव्हा पाण्यानं दोरा भिजला, आणि गाठ आणखी आवळली. मी बघत उभी राहिले. तीन वर्षं मी हे कप दिवसातून दोन-दोनदा धुते आहे, घासते आहे, आणि आजवर एकही गाठ आपोआप सुटलेली नाही. जाळ्याची गाठ आहे. खाडीच्या ओढीत टिकावी म्हणून मारलेली. ती सुटत नाही, आये. ती सोडावी लागते, आणि ज्याला मारता येते त्यालाच सोडता येते.

तो शाळेच्या सणाचा दिवस तुला आठवत असणार. पाहुणे आले होते. आम्ही चौघी मुली सिस्टरांचे ट्रे न्यायला स्वयंपाकघरात आलो. तू पाचही कप भरून ट्रेवर ठेवलेस आणि हात धुवायला मागच्या मोरीवर गेलीस. त्यातली एकजण कप बघून ओरडली, 'ए, कपांना राख्या बांधल्यात!' बाकीच्या खिदळल्या. 'कुणी गं बांधल्या?' मी म्हणाले, 'मला काय माहीत.' तू माझी आई आहेस हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी रोज पुढच्या फाटकानं बाहेर पडून, भिंतीला वळसा घालून मागच्या दारानं तुझ्याकडे यायची. त्या केकच्या बश्या घेऊन पुढे गेल्या आणि मी एकटी राहिले. मग मी पाचही गाठी सोडल्या. माझी बोटं तयार होती, बाबांनीच शिकवलं होतं. दोरे गणवेशाच्या पिनाफोरच्या खिशात घातले. ट्रे न्यायला परत आलेल्या एकीनं कप इकडचे तिकडे करून सरळ रांगेत लावले, छान दिसावेत म्हणून.

मोठ्या सिस्टरांनी पाहुण्यांसमोर तीन चमच्यांच्या कॉफीचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. तुला बोलावलं. त्या वाईट नव्हत्या, तुला म्हातारपणी हा पितळी फिल्टर त्यांनीच दिला. पण त्या दिवशी पाहुण्यांसमोर म्हणाल्या, 'इतक्या वर्षांत एवढंसुद्धा लक्षात राहू नये?' मी दाराशी उभी होते, मूठ खिशात. तू कपाकडे पाहिलंस, रिकाम्या कानाकडे पाहिलंस, आणि म्हणालीस, 'गाठ सैल बसली आसंल, सिस्टर. माझीच चूक.'

घरी येताना रस्त्यात तू एवढंच विचारलंस, 'केक खाल्लास कं गो?' दुसऱ्या दिवशी कपांना नवे दोरे होते.

मी इतकी वर्षं समजत होते की तुला कळलं नाही. आज नळाखाली कळलं. जिनं आयुष्यात कधी सैल गाठ मारली नाही, ती चारचौघांत म्हणाली की माझी गाठ सैल बसली. आणि त्या स्वयंपाकघरात ती गाठ सोडता येणारं माणूस तुझ्याखेरीज एकच होतं.

तुझ्या नावाचा कप मी आज दुपारी फळीवर टांगला, सगळ्यात पहिल्या हुकाला. म्हातारपणी फिल्टर घरी आल्यावर तुझी कॉफी कशी असायची ते मला माहीत आहे. कडक, थोडं दूध, बशीत ओतून. निळा दोरा बांधला. गाठ ओढून पाहिली, पक्की आहे.

हे कागद मी फिल्टरच्या डब्यात घडी करून ठेवणार आहे. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी हे मलाच तुझ्याशेजारी बसून वाचून दाखवावं लागलं असतं. कांदेवाल्यांचं वाचलं असतं, नातवाचं दोनदा वाचलं असतं, आपण दोघी हसलो असतो. आणि 'मग मी पाचही गाठी सोडल्या' ही ओळ आली असती, तेव्हा ती, आये, मी तुला वाचून दाखवली नसती.