पह्यल्या ठोक्याच्या आधी

उंद्री, ता. चिखली
रविवार, ८ डिसेंबर २०२४

दादा,

सप्रेम जयभीम. घरी सगळे बरे आहेत. असं लिहायचं असते म्हणून लिहिलं. आईची कापूस वेचणी चालू आहे, बाबाचा खोकला थंडीनं वाढला.

तू फोन उचलत नाही, माहा नंबर तर ब्लॉकच करून टाकला, म्हणून कागदावर लिहून राह्यली. पिंपळगाव राजाचा शेखर सुट्टी संपवून उद्या चाकणले चालला. कंपनीत तुह्याच लाईनवर आहे तो, त्याच्या हाती देते. त्याले सांगतलं, हातातच दे आन तो वाचेपर्यंत तिथून हलू नको.

बेस गिटार सोडला नाही मी. तू नागपूरहून आणला होता तोच. अ‍ॅम्प जळाला तवापासून धान्याच्या कोठीले टेकवून वाजवते. पत्रा असा घुमते की आई म्हणते, आतल्या ज्वारीले जाग येईल.

दर गुरुवारी खामगावले धम्मरत्न सरांकडे जाते. ते आधी ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. महिनाभरात चारच सूर शिकवले, बाकी सगळा वेळ थांबायचं कसं ते. अमेरिकेतल्या काळ्या माणसांची जुनी सोल आन फंकची गाणी लावतात. तू ज्या बीटवर रॅप लिहायचा ना, ते त्याच गाण्यांतून कापलेले असतात, हे मले आता समजलं. त्यात बेसवाला भाव खात नाही. पह्यला ठोका पक्का रोवायचा, मंग जागा सोडायची, मंग तारेवर नुसतं बोट ठेवून एक मुका आवाज काढायचा. गाणाऱ्याले उभं राहाले जागा पाहिजे. सर म्हणतात, तू जागाच देत नाही कोणाले.

गेल्या गुरुवारी त्यांनी मोबाईलवर टिकटिक लावली आन चारातले तीन ठोके बंद केले. फक्त पह्यला वाजणार. मधले तीन मी मनात मोजायचे आन बरोबर टिकवर उतरायचं. दादा, मी दर वेळी आधीच पोचली. टिक मागून यायची. सरांनी विचारलं, कुठं शिकली? म्हटलं बाबाच्या गायन पार्टीत, नऊ वर्षांची होती तवापासून खंजिरी वाजवते. सर हसले. पार्टीत शेवटच्या कडव्याले लय चढवतात, लोक उठून टाळ्या देतात, तेच तुह्या हातात बसलं म्हणे. इथं चढवली तर गाणाऱ्याचा गळा आवळल्या जाते.

घरी येऊन मी तो व्हिडिओ लावला. कोणता ते तुले सांगाले नको. १४ एप्रिल, विहारासमोरचा स्टेज, तू माईकवर, मी बेसवर, शिवम ड्रमच्या पॅडवर. शिवम बिचारा माह्याकडे पाहूनच वाजवत होता. मोबाईलवर मोजलं. पह्यल्या कडव्याले मिनिटाले ८८ ठोके, तिसऱ्याले १०९. तिसऱ्यातच तुह्ये शब्द सगळ्यात दाट. १०९ वर ते कोणाच्याच तोंडात बसले नसते. तू अडखळला, श्वास तुटला, माईक खाली गेला आन लोक हसले. मंग बाबानं माईक घेतला आन सगळ्यांसमोर म्हणाला, “ज्याले ताल पेलत नाही, त्यानं माईक धरू नये.” दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तू गेला.

तर चूक माही होती, आन ती मले गेल्या गुरुवारी समजली. इथंच पत्र संपवायचं ठरवलं होतं मी. वरचं सगळं त्याच्यासाठीच लिहिलं.

पण ते खोटं आहे.

मले तवाच समजलं होतं. दुसऱ्या कडव्यात तू मागं वळून हात खाली दाबून दाखवला, हळू म्हणून. मी पाह्यलं. समोर बाया उभ्या राहून माह्याकडे बोट दाखवत होत्या, गुलाबरावची पोरगी पाहा कशी वाजवते. जल्मात पह्यल्यांदा लोक मले पाहून राह्यले होते. मले कमी करायचंच नव्हतं. मी मान फिरवली आन अजून चढवली. बाबा तुले बोलत होता तवा मी खाली बसून वायर गुंडाळत होती.

परवा शेखर आला. तू रॅपच्या वह्या भंगारात टाकल्या म्हणे. खोलीवर कोणी गाणं लावलं की उठून बाहेर जातो. कंपनीत तुले मुका म्हणतात. तुले, दादा. आठवीत असताना मुख्याध्यापकाले यमक जुळवून सुट्टी मागणाऱ्याले. हे ऐकल्यापासून बेस हाती घेते, पह्यला ठोका वाजवते आन ठेवून देते. काय करू मी?

आज सकाळी बाबाले सांगतलं. अंगणात उन्हात बसून हरभऱ्याची भाजी निवडत होता. सगळं सांगतलं, तू हातानं हळू म्हणून दाखवलं तेही. त्यानं मान वर केली नाही.

“मले माहीत होतं,” म्हणाला. “तीस वर्षं पार्टी चालवली म्या. लयीत कोण पुढं पळालं ते डोळे मिटून समजते.”

मंग त्याले काऊन बोलला, मी विचारलं.

“तू पह्यल्यांदा उभी राह्यली होती. तुले बोललो असतो तर पुन्हा स्टेजवर चढली नसती. तो पोरगा हाये, पचवून घेईल वाटलं.”

भाजी तशीच ठेवून आत गेला. दुपारी जेवला नाही.

म्हणजे मले माहीत होतं, बाबाले माहीत होतं, आन तुलेही माहीत होतं. तू काऊन बोलला नाही रे? एकदा माह्याकडे बोट दाखवलं असतं तर काय झालं असतं?

फक्त आईले बाबाचं ते बोलणं खरं वाटलं. ती वेचणीवर बायांले सांगते, माह्या पोराचा श्वास कमी पडते, लहानपणी निमोनिया झाला तवा मी दवाखान्यात न्यायले दोन दिवस उशीर केला. आठ महिने झाले, तुह्या न झालेल्या चुकीचं कारण ती स्वतःपाशी शोधून राह्यली. परवापासून तीनदा तिच्यासमोर जाऊन बसली मी. तीनदा उठून आली. मले एकटीनं होत नाही. माफ नको करू, माह्याशी बोलूही नको, पण ये. तुह्या तोंडून ऐकलं तरच ती विश्वास ठेवंल.

आई आत्ता शेतातून आली. कोणाले लिहितं, विचारते. दादाले म्हटलं तर हात धुवायच्या आधीच माह्याजवळ येऊन बसली. म्हणते, त्याले लिही, थंडी लई आहे, छाती झाकून ठेव म्हणा.

लिहिलं, दादा.

लहान बहीण म्हणून जे काही उरलं असेल ते,
समता