बोटाला कळलं ते

माय, आज आमच्या दवाखान्यात नवं यंत्र आलं. आत बारीक नळी घातली की पडद्यावर गुदद्वाराभोवतीचा स्नायू गोल दिसतो, आणि बाळंतपणात तो फाटला असेल तर तिथे खिंड दिसते. नवे डॉक्टर मला कौतुकाने दाखवत होते. मी म्हटलं, छान आहे. आणि तू आठवलीस, अकोल्याच्या त्या टेबलावर कुशीवर झोपलेली, लुगड्याचा पदर तोंडात कोंबलेली.

माझ्या जन्माच्या वेळी तू फाटलीस. तेव्हापासून तुला वाऱ्याचा, शौचाचा ताबा राहिला नाही. तरी तू रोज अंघोळ करून आपल्या मळ्यातली शेवंती खुडायचीस आणि अंबादेवीचा हार गुंफायचीस. अमरावतीत तुझ्याइतका घट्ट हार कोणाचा नव्हता. लुगडं खराब झालं की आजी फणफणायची, "अंगचोर हाय. वावरात जाचा कटाळा येते हिले." दवाखान्यातल्या नर्सबाईने तुला एकदा पाहिलं होतं, पण नुसतं वरून, डोळ्यांनी. कातडी धड आहे, काही झालेलं नाही, म्हणाली. आजीला तेवढंच हवं होतं. तू शिव्या खाल्ल्यास, पण हार तुझ्याकडेच राहिला. रोगच नाही, तर विटाळ कसला?

मग मामाने तुला अकोल्याला नेलं. तू माझा हात सोडेनास म्हणून मीही आले. तिथल्या डॉक्टरीणबाई नागपूरला शिकलेल्या. त्यांनी डोळ्यांवर भरवसा ठेवला नाही. एक बोट आत घातलं, अंगठा बाहेर ठेवला आणि म्हणाल्या, "आवळून धरा." तू जीव खाऊन आवळलंस. माझा हात दुखला, त्यांच्या बोटाला मात्र काही लागलं नाही. "स्नायूची बांगडी समोरून फुटली आहे," त्यांनी मामाला सांगितलं. "वरून कातडी जुळली, आत स्नायू नाही. बाळंतपणाच्या त्याच दिवशी कोणी बोट लावून पाहिलं असतं तर शिवता आलं असतं. आता इतक्या वर्षांनी मी खात्री देत नाही." तू एवढंच विचारलंस, "मंग मले हार गुंफता येईन ना, बाई?" त्यांना प्रश्नच कळला नाही.

आजीला कळला. मामाने भोळेपणाने सगळं सांगून टाकलं आणि आजी म्हणाली, "आता तं डाक्टरनंच सांगतलं. देवीच्या फुलाले हात नोको लावू." बा उठून वावरात गेला. तूही काहून म्हणून विचारलं नाहीस. नंतर गोठ्याजवळ बसायचीस, आणि तुझी बोटं मांडीवर रिकामीच हलत राहायची. पुढच्या पावसाळ्यात तापाने गेलीस. मला अजून त्या घराचा संताप येतो. नर्सचं चुकलं तोवर तुझे हार तुझ्याकडे होते, बाईंचं बरोबर निघालं आणि तू मोडलीस. हे मी कोणाला शिकवू शकले नाही. नव्या नर्सना बोट लावायला तेवढं शिकवते, त्याच दिवशी, आणि सापडेल ते आधी त्या बाळंतिणीलाच सांगायला, सासूला नाही.

हे पत्र कुठे टाकणार? फुलांच्या टोपलीखाली ठेवीन. एक सांगायचं राहिलं, माय. पोर झालं तेव्हापासून मलाही तेच आहे. तुझ्या जावयालाही कधी कळलं नाही. त्या यंत्राखाली मी झोपणार नाही. रोज सकाळी अंघोळ करते, शेवंती घेते आणि देवीचा हार गुंफते.