पांढऱ्या पोटाचा बर्फ

नवीन जालना. वैशाख, मंगळवार, दिवेलागणीची वेळ.

आजही बर्फ पांढराच निघाला.

आबांना, माझ्या वडिलांना, ऊन लागलंय. पोटात काही ठरत न्हाई. डाक्टर म्हणतात, थंड सरबत देत राहा. घरात घासलेटवर चालणारी बर्फाची पेटी आहे, साऱ्या आळीला तिचं कौतुक. आणि आबा पेल्यात बर्फ दिसला की तोंड फिरवतात. "ही गार हाय. हिनं माझा उभा गहू झोडपला, झाडाखालचा बैल नेला. न्हाई पिणार मी."

फाल्गुनातली गारपीट त्यांच्या डोळ्यांपुढून हलत न्हाई. त्या गारांचं पोटही असंच पांढरं होतं. म्हणून वाटलं, काचेसारखा बर्फ जमला तर ते ओळखणार न्हाईत. पाणी उकळलं, निवू दिलं, पुन्हा उकळलं. कडेला काच, अन् मधोमध तेच पांढरं पोट. काय चुकून राह्यलं? का इथलं पाणीच तसं? आमच्या घरधन्यांना विचारलं तर हसले. "बर्फ तो बर्फ. पांढरा काय अन् काचेचा काय." यांच्यापुढं बोलून उपयोग न्हाई.

शेवटी आज बर्फाचा खडा सरबतात पुरता विरघळू दिला, मंगच पेला आबांकडे नेला. त्यांनी आत निरखून पाहिलं. दिसण्यासारखं काहीच नव्हतं. एक घोट घेतला अन् माझ्याकडे बघत राहिले.

"गार हाय," म्हणाले, आणि पेला खाली ठेवला.

सरबत गार आहे म्हणाले, का ती गार म्हणाले? मला विचारवलं न्हाई.