पंखा एक, फोन एक

निपाणी,
२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

ती. प्रेमलाआत्तीस,

जय जिनेंद्र. इकडे सगळे बरे आहेत. आप्पांचा खोकला कमी झालाय, पण तंबाखूच्या वखारीवरून गेले की पुन्हा सुरू होतो. आईचे गुडघे तसेच. कुमारअण्णानं नवा फ्रीज आणलाय, दोन दारांचा, आणि दिव्यावहिनी त्याच्यावर दिवसातून तीनदा फडकं मारते. माझी शाळा ठीक चाललीय. तुझे पाय कसे आहेत? रात्री तेल लावतेस ना?

तुझा फोन लागत नाही म्हणून पत्र लिहिते आहे. बंद असल्याचं फोनमधली ती बाई आधी कन्नडमध्ये सांगते, मग इंग्रजीत. तीन आठवडे झाले. आप्पा म्हणतात, "चार्ज कराय इसरली असंल." मी पुन्हा नंबर लावते.

जुना फ्रीज अजून चांगला चालतो. एरवी तो एव्हाना टेंपोत बसून तुझ्याकडे आला असता. आपल्याकडे नवीन आलं की जुनं हिंडलग्याला, हे ठरलेलंच. मिक्सर गेला, इस्त्री गेली, टेबलफॅन गेला, गेल्या वर्षी टीव्ही गेला. या वेळी मात्र फ्रीज अंगणात प्लॅस्टिकखाली उभा आहे. तो तिथं का उभा आहे, हे सांगण्यासाठी मी हे पत्र दोनदा सुरू केलं आणि दोनदा फाडलं.

आमच्या गटाचं काम तुला माहीत आहे. लोकांच्या घरातल्या चालू स्थितीतल्या जुन्या वस्तू गोळा करायच्या, तपासायच्या आणि गरज असेल तिथे द्यायच्या. महिन्याभरानं आम्ही वापरणाऱ्याचा वस्तूबरोबर फोटो मागतो. हा नियम माझाच. दसलक्षण पर्वात त्यागाच्या दिवशी बस्तीत भगवंतांसमोर मला बोलायला उभं केलं, तेव्हाही मी हेच सांगितलं की दिलेली वस्तू योग्य हातात पडली का, हे पाहणं देणाऱ्याचं कर्तव्य आहे. पूजेचं ताट खाली ठेवून बायकांनी टाळ्या वाजवल्या. घरातली पहिली पदवीधर म्हणून आप्पा कितीतरी दिवस ते भाषण येईल-जाईल त्याला सांगत होते.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी शिक्षकांच्या प्रशिक्षणाला बेळगावला आले. तिथल्या कॅम्प भागातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात, फळीवर, आपला मिक्सर दिसला. बुडाशी आईनं नेलपॉलिशनं काढलेला आप्पांच्या नावाचा 'ध' तसाच होता. दुकानदाराला, रवळू त्याचं नाव, मी विचारलं, हा कुणी आणला?

"हिंडलग्याची एक बाई टाकून गेली. मोटर जळलीया. पायजे तर भांडी घ्या."

"कोण बाई?"

"गिऱ्हाइकाचं नाव-गाव इचारत बसलो तर दुकान कवा चालवू, मॅडम?"

तिथून तुझं घर अर्ध्या तासावर. येऊन विचारलं असतं तर चहा पिता पिता सगळं कळलं असतं. मी निपाणीची बस धरली. संकेश्वर येईपर्यंत माझी खात्री झाली होती. तू कधी टीव्हीवरच्या कशाबद्दल बोलत नाहीस. तुझ्या साडीला इस्त्री नसते. आम्ही आलो की बाहेरच्या खोलीत बसवतेस आणि आतलं दार ओढून घेतेस. कॉलेजची तीन वर्षं ज्या घरात मी राहिले, तिथं माझ्यापासून काय लपवायचं असेल? आत्ती वस्तू विकते, असं मी ठरवून टाकलं.

भाऊबीजेला तू इकडे आलीस तेव्हा तुझा बटणांचा फोन काढून घेऊन मी आप्पांचा जुना स्मार्टफोन दिला. तू माझ्या गालावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "किती गं माया लावतीस." आत्ती, ती माया नव्हती. मला तुझं घर बघायचं होतं, म्हणून दिला.

मग रोज व्हिडिओ कॉल. तुला आठवत असेल.

"आत्ती, चटणी कशात वाटलीस?"

"पाट्यावर. हाताला सवय हाय गं."

"मिक्सर दाखव की जरा."

"मिक्सर काय बघायचा? हे बघ, जास्वंदीला कळ्या किती आल्यात." आणि फोन बराच वेळ जास्वंदीवर. मला वाटलं, किती हुशारीनं टाळते ही.

त्याच आठवड्यात मी घरी सांगितलं. जेवताना. कुमारअण्णा हसला, "तरीच म्हटलं, एवढ्या वस्तू एका बाईला लागत्यात तरी कशाला." आई म्हणाली, "अडचण असंल तर इकू दे की बापडी." वहिनी म्हणाली, "इकू दे, पण सांगावं तरी." आप्पांचा घास ताटातच राहिला. ते एवढंच म्हणाले, "माझ्या भणीनं माझी वस्तू बाजारात मांडली."

सात डिसेंबरला आपल्या घरी शांतिविधानाची पूजा आहे. पत्रिका वाटून झाल्या. तुझी पत्रिका आप्पांच्या कपाटात आहे, वर नाव न घातलेली. फ्रीज अंगणात आहे तो म्हणूनच. आता तुझ्याकडे काही पाठवायचं नाही आणि तुला बोलवायचं नाही, असं आप्पांनी ठरवलं. माझ्या सांगण्यावरून.

आता जे लिहायला मी इतका वेळ लावला ते.

एक नोव्हेंबरला शाळेला सुट्टी होती. कार्तिकातली आठ दिवसांची अष्टाह्निका पूजा चालू होती, म्हणजे सकाळी तू बस्तीत पूजेला असणार, हे मला पक्कं माहीत होतं. ती वेळ साधून मी आले. किल्ली शेजारच्या नागुबाईकडून घेतली. "आत्तीनं औषधाचा कागद आणायला सांगितलंय," असं खोटं बोलले. आतलं दार उघडलं, कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. काहीच नव्हतं. टीव्ही नाही, इस्त्री नाही, टेबलफॅन नाही. मला आनंद झाला, आत्ती. पकडलं, असं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं वाटलं हे खरं आहे.

मग कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद दिसला. तुझं अक्षर. दोन वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात मुनिमहाराजांकडून तू घेतलेला परिग्रहाचा नियम, घरात किती वस्तू ठेवायच्या त्याचा. साड्या बारा. भांडी दोघांपुरती. अंथरुणं दोन. विजेचे दिवे तीन, पंखा एक, फोन एक. याउपर वस्तू घरात आली तर सूर्य मावळायच्या आत दुसऱ्याच्या हाती.

मी वर बघितलं. छताला पंखा होता. एक.

दारात नागुबाई उभी होती. कधीपासून कोण जाणे.

"गावला का औषधाचा कागद? तांदळाच्या डब्यात बी हात घालून बघ. शिकल्याली पोर हाईस, काय सुटाय नको."

मी विचारलं, वस्तू कुठं गेल्या? तिनं एकेक सांगितलं. टेबलफॅन अंगणवाडीला. इस्त्री तिच्या जावेला. टीव्ही कोपऱ्यावरच्या अंथरुणाला खिळलेल्या मास्तरांना. मिक्सर तिच्याच लेकीला, ती डबे करते. वर्षभर चालला, मग जळला, तेव्हा लेकीनंच तो कॅम्पात नेऊन टाकला. ती हिंडलग्याची बाई.

"परत्येकाला सांगूनशान दिलं. माझ्या भावानं निपाणीहून पाठवलंय म्हणून. सवताचं नाव न्हाई कधी घेतलं. मास्तर रोज तुज्या बाचं नाव घिऊन टीव्ही लावत्यात."

मग आत्तीनं आम्हाला नको म्हणून का नाही सांगितलं, असं मी विचारलं. नागुबाईनं माझ्याकडे बघितलं तसं आजवर कुणी बघितलं नाही.

"नगं म्हटलं तर पाठवायचं थांबंल. आन् पाठवायचं थांबलं तर तुमी यायचं बी थांबाल. काय टाकायचं असल्याबिगर कोण आलंय तुमच्यातलं हितं?"

मी आठवून पाहिलं. कॉलेज संपल्यापासून मी तुझ्याकडे पाच वेळा आले. चार वेळा टेंपोबरोबर. पाचवी वेळ ही.

नागुबाईनं तुला सांगितलं असणार. त्या संध्याकाळपासून फोन बंद आहे. तो बंद ठेवलास की कुणाला देऊन टाकलास, ते मी विचारणार नाही.

तरीही मी तीन आठवडे गप्प राहिले. खरं सांगायचं तर मी चोरून तुझं घर धुंडाळलं हेही सांगावं लागणार होतं, आणि बस्तीतलं भाषण अजून लोकांच्या तोंडात होतं. तू इकडे विकणारी ठरलीस आणि मी चांगली राहिले. तीन आठवडे मला ते चाललं.

परवा रात्री सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ऐकलं की सगळे विरघळतील. आई म्हणाली, "नियम घेतला तर घरच्यास्नी सांगाय काय झालतं?" कुमारअण्णा म्हणाला, "कागद जुना हाय कशावरनं?" आणि वहिनी अगदी साधेपणानं म्हणाली, "टीव्ही मास्तरांना दिला त्याचा फोटो हाय का? तुमचाच नियम हाय की, वन्सं."

कागदाचा फोटो माझ्याकडे होता. सवयीनं काढला होता, तुझ्या कपाटासमोर उभी राहून. दाखवला असता तर अण्णा गप्प बसला असता. तिथंच, पाटावर बसल्या बसल्या, मी तो पुसून टाकला. तुझा नियम महाराजांसमोर घेतलेला आहे. तो आमच्या जेवणाच्या खोलीत पास व्हायला आलेला नाही. "मी सांगते तेवढ्यावर विश्वास ठेवा, नाहीतर राहू दे," म्हटलं. कुणी ठेवला, कुणी नाही. संशय मी आणला. तो माझ्या एका शब्दानं परत जात नाही, हे आता कळतंय. आत्तीला बोलावणार नसाल तर विधानाला मीही बसणार नाही, एवढं मात्र सांगून ठेवलंय.

सगळे उठल्यावर आप्पांनी एकच विचारलं, "माझं नाव सांगून देत हुती?" मी हो म्हटलं. काल सकाळी बूट घालताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "बेळगावची पैली बस कितीला हाय?" मी सांगितली. पत्रिका अजून कपाटातच आहे, मी बघितलं.

येत्या रविवारी, तीस तारखेला, त्या पहिल्या बसनं मी येते आहे. आप्पा बरोबर असतील की नाही, मला माहीत नाही. मला क्षमा कर असं लिहीत नाही; ते समोर उभं राहून म्हणायचं आहे. मिठाई आणणार नाही, पिशवीसुद्धा आणणार नाही. सूर्य मावळायच्या आत कुणाला तरी देऊन टाकावं लागेल, असं काहीही माझ्याजवळ नसेल. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. नाही उघडलंस तर पायरीवर बसेन, आणि नागुबाईकडे किल्ली मागणार नाही.

तुझ्या घरात तीन वर्षं लेकीसारखी राहिलेली आणि एका सकाळी चोरासारखी शिरलेली,
प्रणिता