अशी बाई इथे राहत नाही

मुळगाव, डिचोली
१२ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. गंगास अ. उ. आ.

बाय, तुझा दादा जमीनदार झाला! गेलो होतो मामलेदार कचेरीत रेशनकार्डासाठी, आलो सर्वणचं भाट, म्हणजे अख्खी काजूची बाग घेऊन. पट्टी थकलेल्या जमिनींचा लिलाव होता. बोली लावणारा मी एकटा, तरी हुरूप येऊन दोनदा स्वतःच्याच बोलीवर चढलो. जमिनीचं पोर्तुगीज नाव वाचताना कारकुनाची जीभ अडखळली. मालकीण कोणी सुमंगला रामचंद्र परब. सात वर्षं पट्टी नाही, नोटिशीला उत्तर नाही. काय निष्काळजी बायका असतात गो! जमीन अजून पाहिली नाही. बाबलीभावोजींना म्हणावं, मे महिन्यात काजूचे बोंडू खायला या.

तुमची वाट पाहणारा,
सगुण

कोरगाव, पेडणे
१९ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

ती निष्काळजी बाई मीच. लग्नात ह्यांनी तांदळात माझं सुमंगला हे नवं नाव लिहिलं, तेव्हा तू पंगतीत असशील. बाबली हे ह्यांचं घरातलं नाव, कागदावर रामचंद्र. परब म्हणशील तर पेडण्यात दगड मारला तरी परबालाच लागतो. आणि ते लांबलचक नाव म्हणजे आपलं तळीकडचं भाट, बाबांनी मला दिलेलं. पट्टी मी भरतो, असं देवासमोर कोण म्हणालं होतं?

दादा, थट्टा पुरे. दिरांनी पावसाआधी खोली रिकामी करायला सांगितलंय. त्या भाटात घर बांधायचं, एवढाच आमचा आधार होता.

तुझीच,
गंगा

मुळगाव
२८ फेब्रुवारी

चि. सौ. सुमंगलास अ. उ. आ.

बाय, रडू नको, भाट तुझंच आहे. महिन्याच्या आत मालकाने थकबाकी भरली तर लिलाव रद्द होतो. तुझ्या नावाने मीच भरली. वर लिलावात घेणाऱ्याला भरपाई द्यावी लागते, तीही मीच मला दिली. तो सोहळा पाहायला कारकुनाने अख्खी कचेरी बोलावली.

मग त्याने तुझ्या नावाने आपल्या मुळगावच्या घरी येऊन परत गेलेल्या सात नोटिसा पुढ्यात टाकल्या. पोस्टमन चुकला असं समजून, प्रत्येकीवर मीच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'अशी बाई इथे राहत नाही.' सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येईपर्यंत लाजेने मान वर झाली नाही. सख्ख्या बहिणीचं नाव मला लिलावात कळावं! माफ कर.

घराचे चिरे मी भाटात उतरवून घेतो. पाडव्याला दोघं या, पाया खणू.

उरलासुरला लोभ राहू दे.
सगुण

ता. क. पाकिटावर पहिल्यांदाच तुझं पूर्ण नाव घातलंय. अशी बाई इथे राहते का, असं पोस्टमनने विचारलं, तर हो म्हण.